गळकाठीचा आधार : गावातच करून घेण्याजोगा

गळ टाकल्यावर काठी हातात न धरता काठावर टेकवून ठेवण्यासाठी जे साधन वापरतात त्याला गळकाठीचा आधार म्हणतात. खटकचिंचोळी परिसरात कारंजा जलाशय, मांजरा नदी आणि गावोगावचे तलाव असल्याने गळ टाकणारे पुष्कळ आहेत. रोहू, कटला, मृगळ किंवा मरळ यांची वाट तासन् तास पाहावी लागते. वयस्कर माणसाला तेवढा वेळ काठी धरवत नाही. नुसत्या दगडावर टेकवलेली काठी मोठा मासा लागताच पाण्यात ओढली जाते. काठीबरोबर रीळ आणि दोरही जातो.

जुना प्रकार

बाभळीचे दुबेळके काठावर रोवून त्यावर काठी टेकवणे हा सर्वांत जुना आधार. तो फुकटात होतो, पण त्यात दोन उणिवा आहेत. काठीचे मागचे टोक मोकळे राहते, त्यामुळे ओढ बसली की काठी पुढे सरकते. शिवाय ओल्या मातीत दुबेळके फिरते. नव्या आधारात या दोन्ही गोष्टी टाळायच्या आहेत.

ताकद कुठे लागते

काठीचे टोक जमिनीपासून साधारण 2 मीटर उंच असते आणि खुंट मातीत जेमतेम 40 सें.मी. असतो. त्यामुळे टोकाला 2 किलोची ओढ बसली तरी खुंटाच्या भोवतालच्या मातीवर त्याच्या कित्येक पट रेटा येतो. पहारीने दगड उलथताना हेच घडते. म्हणून खर्च करायचा तो खुंटावर करावा. वरची नळी साधी चालते. गोल सळई मातीत फिरते. एल आकाराचा लोखंडी अँगल सहसा फिरत नाही आणि तेवढ्याच वजनाच्या सळईपेक्षा कमी वाकतो.

साहित्य (एका आधारासाठी)

- 25 × 25 × 3 मि.मी. लोखंडी अँगल, 1 मीटर (वजन सुमारे 1.1 किलो)
- 40 मि.मी. पीव्हीसी पाइप, 35 सें.मी.
- मोटारपंपाच्या पाइपला लावतात तशा मोठ्या क्लिपा, 2
- 6 मि.मी. बोल्ट व नट, 1
- नायलॉनची दोरी, 1 मीटर

अँगल किलोच्या भावाने मिळतो, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधीच येतो. 6 मीटरच्या एका अँगलमधून 6 खुंट निघतात आणि 6 मीटरच्या पाइपमधून 17 नळ्या. शेतातल्या पाइपलाइनचे उरलेले तुकडे घरात असतील तर नळीचा खर्च वाचतो. चार-सहा घरांनी मिळून एक अँगल घेतला तर तुकडे वाया जात नाहीत.

कृती

1. अँगलचे 70 आणि 30 सें.मी. असे दोन तुकडे करावेत. मोठ्या तुकड्याचे खालचे टोक तिरके कापून अणकुचीदार करावे.
2. मोठा तुकडा उभा धरून लहान तुकडा त्याच्या वरच्या टोकाला पाण्याकडे 40 अंश कलता वेल्डिंग करावा. लहान तुकड्याची खाच वरच्या बाजूला यावी. दारे-खिडक्या करणाऱ्या कोणत्याही वेल्डिंगवाल्याला हे जमते. अनेक नग करायचे असतील तर फळीवर खिळे ठोकून साचा करावा, म्हणजे सर्वांचा कोन सारखा येतो.
3. नळीच्या खालच्या टोकापासून 3 सें.मी. वर आरपार भोक पाडून बोल्ट बसवावा. काठी त्यावर टेकते आणि पाणी-चिखल खालून निघून जातो.
4. रीळ असलेल्या काठीसाठी नळीच्या वरच्या तोंडाला 2 सें.मी. रुंद व 8 सें.मी. खोल खाच कापावी. कडा पॉलिश पेपरने घासाव्यात.
5. नळी अँगलच्या खाचेत ठेवून दोन्ही क्लिपा आवळाव्यात.
6. दोरीचे एक टोक खुंटाला आणि दुसरे काठीच्या मुठीला बांधावे. नळीतून काठी निसटली तरी ती हाताशी राहते.

पीव्हीसी पाइप आचेवर तापवू नये; त्यातून निघणारा धूर घशाला व फुप्फुसांना घातक असतो.

जमिनीप्रमाणे बदल

काळ्या मातीत खुंट सहज जातो, पण ओली असताना ती सैल धरते. पावसाळ्यात 40 ऐवजी 50 सें.मी. गाडावा. उन्हाळ्यात भेगेत खुंट घालू नये. भेगांच्या मधली घट्ट जागा निवडावी. मुरूम किंवा जांभ्याच्या काठावर खुंट शिरत नाही. तिथे खुंटाच्या तळाशी 40 सें.मी. लांबीचे दोन आडवे तुकडे फुलीच्या आकारात जोडून घ्यावेत आणि त्यावर मोठे दगड रचावेत. असा खुंट टोकदार करण्याची गरज नाही.

तपासणी

नवा आधार रोवल्यावर नळीत गळकाठीएवढा बांबू घालावा. त्याच्या टोकाला ताणकाटा अडकवून 3 किलोपर्यंत ओढावे : आधी समोरून, मग दोन्ही बाजूंनी. खुंट हलला तर आणखी खोल गाडावा. ही तपासणी महागड्या काठीवर करू नये.

वापरताना

- निघताना खुंट उपटून न्यावा. काठावर म्हशी आणि धुण्यासाठी येणारी माणसे असतात. उघडे लोखंड पायात घुसते.
- तुटलेला नायलॉन दोर पाण्यात वा काठावर टाकू नये. त्यात पक्षी आणि जनावरांचे पाय अडकतात.
- पीव्हीसी सतत उन्हात ठिसूळ होते. नळी सावलीत ठेवावी आणि दरवर्षी तडे पाहावेत. अँगलला गंजरोधक रंग द्यावा.
- जलाशय आणि तलावांतील मासेमारीचे हक्क परवान्याने किंवा ठेक्याने दिलेले असतात. गळ टाकण्यापूर्वी ठेकेदाराला किंवा मत्स्य खात्याला विचारून घ्यावे. पावसाळा हा रोहू-कटल्याच्या विणीचा काळ असल्याने अंड्यावरची मादी लागल्यास सोडून द्यावी.
- मुलांना आधाराजवळ एकटे सोडू नये. काळ्या मातीचा ओला काठ घसरडा असतो, आणि काठी पाण्यात गेलीच तर तिच्यामागे कोणीही उतरू नये.