टूना पकडायचा, तर आधी बोटभर मासा जिवंत ठेवावा लागतो! लक्षद्वीपची काठी-गळाची मासेमारी नेमकी कशी चालते?

पहाटेची वेळ. बेटावर अजून अंधार आहे, पण किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात एका बोटीची लगबग सुरू झालीय. आठ-दहा जणांचं पथक आहे. काही जण पाण्यात उतरलेत, काही जण जाळं सांभाळतायत. समोर खोल समुद्रात टूनाचे थवे फिरत असतात, पण या पथकाला सध्या टूनाशी काही देणंघेणं नाही. त्यांना हवाय बोटाएवढा, चकाकणारा एक मासा. तोही मेलेला नाही, तर टुणटुणीत जिवंत.

हा मासा मिळाला नाही, तर दिवस वाया गेलाच म्हणून समजा.

लक्षद्वीपमध्ये टूना पकडण्याची ही पारंपरिक पद्धत. इंग्रजीत तिला ‘पोल अँड लाइन’ म्हणतात. आपण काठी आणि गळाची मासेमारी म्हणू. जगातल्या सर्वात कमी नुकसान करणाऱ्या मासेमारीच्या पद्धतींमध्ये तिची गणना होते. पण ही सगळी पद्धत एका नाजूक गोष्टीवर टिकून आहे, ती म्हणजे जिवंत आमिष.

ही मासेमारी चालते कुठे?

केरळच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला अरबी समुद्रात ३६ बेटांचा लक्षद्वीप समूह आहे. त्यातल्या १० बेटांवर वस्ती आहे. सगळ्या बेटांची मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर, पण बेटांभोवतीचं उथळ पाणी म्हणजेच लगून सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. लगून म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं शांत पाणी. बाहेर कितीही लाटा असल्या, तरी आत पाणी बऱ्यापैकी स्थिर असतं.

या समूहाच्या दक्षिण टोकाला मिनिकॉय बेट आहे. तिथली महल भाषा ही मालदीवच्या धिवेही भाषेची बोली. काठी-गळाची मासेमारीही मालदीवशी असलेल्या याच नात्यातून आलेली. पूर्वी ती मुख्यतः मिनिकॉयपुरती होती. १९६० च्या दशकात मोटरबोटी आल्या आणि ती अगत्ती, कवरत्तीसारख्या इतर बेटांवरही पसरली. हंगाम साधारण पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि पुढचा पावसाळा जवळ येईपर्यंत चालतो.

इथे प्रामुख्याने मिळतो तो ‘स्किपजॅक’ टूना. पाठ गडद निळी आणि पोटावर काळसर आडव्या रेघा, ही त्याची ओळख. आपल्या कोकणात टूनाच्या वेगवेगळ्या जातींना कुपा, गेदर अशी नावं आहेत. हा त्यांचाच भाऊबंद.

आमिष कोणतं आणि ते पकडतात कसं?

सर्वात जास्त मागणी असते ती ‘स्प्रॅट’ या छोट्या माशांना. धिवेहीत त्यांच्या दोन जातींना रेही आणि होंदेली म्हणतात. लांबी फार तर सहा-सात सेंटीमीटर आणि आयुष्य अवघ्या काही महिन्यांचं. ते झुंडीने राहतात आणि उजेडात चांदीसारखे चमकतात. ते मिळाले नाहीत, तर प्रवाळात राहणारे इतर छोटे मासे पकडले जातात.

पकडण्याची एक पद्धत अशी. चौकोनी जाळं पाण्यात खाली सोडायचं. त्याच्या वरच्या बाजूला माशांचा लगदा टाकून छोट्या माशांना गोळा करायचं. झुंड जाळ्यावर आली, की चारही कोपरे एकदम वर उचलायचे.

खरी कसोटी पुढे असते. स्प्रॅटचे खवले अगदी सैल असतात. हात लागला, जाळ्यात घासला किंवा गर्दी झाली, तरी तो दगावतो. म्हणून जाळं पूर्ण वर न ओढता पाण्यासकटच मासे उचलून बोटीतल्या हौदात सोडतात. या हौदाच्या तळाला छिद्रं असतात. त्यातून समुद्राचं ताजं पाणी सतत आत-बाहेर होत राहतं. हौदाचा कप्पा बाकीच्या बोटीपासून वेगळा बंद केलेला असल्यामुळे बोट बुडत नाही. पाणी खेळतं ठेवायला आता पंपही वापरतात.

हा मासा दिवसेंदिवस साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे समुद्रात जायचं असेल, तर आमिष जवळपास रोजच नव्याने पकडावं लागतं. म्हणूनच पहाटेची ही धावपळ.

टूनाचा थवा सापडतो कसा?

आमिष भरलं, की बोट प्रवाळाच्या कड्यातल्या वाटेने बाहेरच्या समुद्रात जाते. मग सगळ्यांचे डोळे आकाशाकडे. टूना छोट्या माशांचा पाठलाग करतो, तेव्हा ते मासे पृष्ठभागाजवळ येतात आणि त्यांच्यावर समुद्रपक्षी तुटून पडतात. त्यामुळे पक्षी कुठे घिरट्या घालतायत, किती उंचीवरून सूर मारतायत, यावरून अनुभवी मच्छीमार खाली काय चाललंय याचा अंदाज बांधतात. मासे जमावेत म्हणून समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या वस्तूंचाही आता आधार घेतला जातो.

आता खरी गंमत : गळाला आमिष लावतच नाहीत!

जिवंत आमिष म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर गळाला टोचलेला मासा येतो. कोकणात खाडीवर गरवायला बसणारा माणूस जिवंत कोळंबी गळाला लावतो, तसं काहीतरी. इथे तसं नसतं.

थवा दिसला, की एक अनुभवी माणूस हौदातले छोटे मासे मूठ-मूठ पाण्यात फेकतो. जिवंत असल्यामुळे ते सैरावैरा पळतात, चमकतात आणि आडोशासाठी बोटीकडेच येतात. त्यांच्यामागे टूना येतो. मेलेला मासा टाकला असता, तर तो नुसता खाली बुडाला असता आणि थवा बोटीपाशी थांबलाच नसता.

त्याच वेळी बोटीच्या मागच्या बाजूने पाण्याचे फवारे उडवले जातात. पूर्वी हे काम हाताने व्हायचं, आता पंपाने होतं. फवाऱ्यामुळे दोन गोष्टी साधतात. पृष्ठभागावर छोट्या माशांची खळबळ असल्याचा भास होतो आणि वर उभी असलेली माणसं टूनाला नीट दिसत नाहीत.

टूना एकदा खाण्याच्या झपाट्यात आला, की चमकणारी प्रत्येक गोष्ट गिळायला धावतो. मग मागच्या फळीवर ओळीने उभे असलेले मच्छीमार काठ्या पुढे करतात. काठी साधारण तीन मीटरची, बांबूची किंवा फायबरची. तिला दोरी आणि टोकाला नुसता चकाकता गळ. या गळाला उलटा काटा नसतो. मासा अडकला, की झटक्यात डोक्यावरून मागे उडवायचा. दोरी सैल पडताच तो आपोआप सुटून बोटीत पडतो आणि गळ पुन्हा पाण्यात. हात बसलेला माणूस मिनिटभरात दोन-तीन मासे सहज काढतो.

पण हा खेळ किती वेळ चालणार, हे ठरवतो आमिष फेकणारा. सगळं आमिष सुरुवातीलाच उधळलं, तर पुढचा थवा सापडूनही हात चोळत बसावं लागतं. अगदी कमी टाकलं, तर टूना बोट सोडून निघून जातो.

पकडलेल्या टूनाचं काय होतं?

टूना उन्हात पडून राहिला, तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि खाणाऱ्याला बाधा होऊ शकते. म्हणून तो लगेच बर्फात ठेवावा लागतो किंवा त्यावर प्रक्रिया करावी लागते. बेटांवरचा जुना उपाय म्हणजे ‘मासमिन’. टूनाचे लांब तुकडे उकळायचे, धुरी द्यायची आणि लाकडासारखे कडक होईपर्यंत वाळवायचे. मग ते अनेक महिने टिकतात. १४व्या शतकात मालदीवमध्ये राहिलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने अशा धुरी दिलेल्या माशाचं वर्णन केलंय. हा मासा भारत, चीन आणि येमेनला जातो, असंही त्याने नोंदवलंय.

मग या पद्धतीचं एवढं कौतुक का?

कारण एका गळाला एकच मासा लागतो. मोठ्या जाळ्यात टूनासोबत कासवं, डॉल्फिन, शार्क असं बरंच काही सापडतं. इथे ते जवळपास टळतं. समुद्राचा तळही खरवडला जात नाही. मालदीवच्या याच प्रकारच्या स्किपजॅक मासेमारीला २०१२ मध्ये मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं. शिवाय एका बोटीवर आठ-दहा हात लागतात, म्हणजे तेवढ्या घरांना रोजगार मिळतो.

धोका कुठे आहे?

टूना हजारो किलोमीटर फिरणारा मासा. आमिषाचा मासा मात्र बेटाच्या अंगणातला. त्यामुळे टूना कितीही असला, तरी लगून बिघडलं की बोट किनाऱ्यालाच अडकते.

समुद्राचं पाणी तापल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. आमिषाच्या ज्या जाती प्रवाळाच्या फांद्यांमध्ये आसरा घेतात, त्यांचं घरच यामुळे जातं. स्प्रॅट प्रवाळाला तितका बांधलेला नसतो, पण त्याचं आयुष्य कमी असल्यामुळे त्याची संख्या वर्षागणिक बरीच खालीवर होते. त्यात बारीक आसाच्या जाळ्याने पिल्लंही उचलली गेली किंवा गरजेपेक्षा जास्त आमिष पकडून ते हौदातच मेलं, तर नुकसान दुप्पट.

दिव्यांचा प्रश्नही आहे. मालदीवमध्ये रात्री दिवे लावून आमिष गोळा करण्याची पद्धत आता सर्रास आहे. तिथे बोटी रात्रीच आमिष भरून पहाटे टूनाच्या मागे निघतात. पण उजेडाकडे लहान-मोठं सगळंच ओढलं जातं. एलईडी मासेमारीवरून कोकणातल्या पारंपरिक मच्छीमारांनी केलेली आंदोलनं मराठी वाचकांना आठवत असतील. भारताच्या विशेष आर्थिक क्षेत्रात एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली.

त्यामुळे लक्षद्वीपमध्ये ‘टूना किती आहे?’ इतकाच महत्त्वाचा प्रश्न ‘आमिष किती उरलंय?’ हाही आहे. पकडलेल्या टूनाची मोजदाद होते, तशी हौदात भरलेल्या आणि हौदातच मेलेल्या छोट्या माशांचीही नोंद ठेवली, तर लगूनवर किती ताण पडतोय हे वेळीच कळू शकतं. आणि ही नोंद बोटीवरचे मच्छीमारच सर्वात चांगली ठेवू शकतात. कारण पहाटे जाळं वर उचललं, की आज किती मिळालं हे सर्वात आधी त्यांनाच दिसतं.