काडतुसाच्या बुडाशी

बंदुकीचा इतिहास लिहिणारे नळीचे, गोळीचे आणि दारूचे वर्णन सविस्तर करतात. परंतु नळीतील दारू पेटवावयाची कशी, हा जो मूळ प्रश्न, त्याच्या वाट्याला दोन-चार ओळींपलीकडे सहसा काही येत नाही. वास्तविक या शस्त्राची सारी भिस्त कित्येक शतके त्या एका ठिणगीवरच होती. तोड्याच्या बंदुकीत जळती वात आणि चकमकीच्या बंदुकीत गारेची ठिणगी नळीच्या कानाजवळच्या, म्हणजे तिच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्राजवळच्या, रंजकावर पडे, त्याचा भडका कानातून आत शिरे आणि मग बार उडे. वारा सुटला की रंजक उडून जाई, पाऊस आला की भिजे, आणि ऐन प्रसंगी शिपायाच्या हाती केवळ एक जड दांडके उरे.

या विवंचनेतून वाट काढली ती कोणा सेनापतीने नव्हे, तर स्कॉटलंडातील बेल्हेल्वी गावच्या पाद्र्याने. अलेक्झांडर फोर्सिथ यास शिकारीचा नाद होता. रंजकाचा भडका दिसताच पाणपक्षी सावध होतात हे पाहून, नुसत्या आघाताने पेटणारी भुकटी योजून तो भडकाच नाहीसा करावा, असे त्याच्या मनाने घेतले. अशी द्रव्ये रसायनज्ञांस अपरिचित नव्हती. एडवर्ड हॉवर्ड याने पाऱ्याच्या फुल्मिनेटवरील आपला निबंध 1800 साली रॉयल सोसायटीपुढे ठेवलाही होता. 1806 मध्ये तोफखाना खात्याचे प्रमुख लॉर्ड मॉयरा यांनी फोर्सिथला लंडनच्या टॉवरमध्ये प्रयोगांसाठी जागा दिली. पण पुढच्याच वर्षी मंत्रिमंडळ पालटले, नव्या प्रमुखांनी त्यास सामानसुमान उचलून चालते होण्यास फर्माविले, आणि त्याने आपल्या शोधाचे पेटंट स्वतःच्या हिमतीवर घेतले. हेच मॉयरा पुढे हिंदुस्थानचे गव्हर्नर-जनरल आणि मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाले, आणि त्यांच्याच अमदानीत, 1818 साली, पेशवाई बुडाली. त्या युद्धातही इंग्रजी पायदळाच्या खांद्यावर चकमकीच्याच बंदुका होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे सरकारी खाती नव्या कल्पनेस किती विलंबाने थारा देतात याचा अंदाज येतो.

ती भुकटी तांब्याच्या टोपीत बसविण्याची युक्ती प्रथम कोणाची, यावर अनेकांनी हक्क सांगितला आहे. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. 1834 साली वूलिच येथे दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून प्रत्येकी 6000 बार काढले, तेव्हा चकमकीचे 922 बार फुकट गेले आणि टोपीचे अवघे 36. तरीही 1841 मध्ये चीनशी झालेल्या युद्धात कँटननजीक मुसळधार पावसात मद्रास पायदळाची एक तुकडी चकमकीच्या बंदुका घेऊन शत्रूच्या गराड्यात सापडलीच; बार निघेना, आणि अखेर टोपीच्या बंदुका बाळगणाऱ्या नौसैनिकांनी येऊन तिची सुटका केली.

पितळी काडतूस आल्यावर टोपी त्याच्या बुडात जाऊन बसली, आणि येथूनच, माझ्या मते, या इतिहासाचे सर्वांत रोचक प्रकरण सुरू होते. 1866 या एकाच वर्षी अमेरिकेत हायरम बर्डन याने आणि इंग्लंडात वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख कर्नल बॉक्सर यांनी दोन निराळ्या रचना पुढे आणल्या. स्फोटक लेप ज्यावर चिरडावयाचा ती इवलीशी ऐरण बर्डनने काडतुसाच्या बुडातच घडविली व तिच्या दोन अंगांस दोन बारीक छिद्रे ठेविली. बॉक्सर यांनी ऐरण टोपीच्याच पोटात घातली, त्यामुळे काडतुसाच्या बुडास मधोमध एकच छिद्र पुरले. भेद दिसावयास क्षुल्लक. परंतु मधल्या छिद्रातून एक सळई आत घातली की उडालेली टोपी टुपकन बाहेर पडते, तिच्या जागी नवी बसविता येते आणि तेच काडतूस पुन्हा भरता येते. अमेरिकनाची रचना युरोपच्या फौजांनी उचलली आणि इंग्रजाची अमेरिकेत रुजली. 1882 साली अमेरिकन सैन्याने आपले काडतूस पुन्हा भरता येईल असे केले, आणि 1884 पासून जॉन बार्लो यांच्या ‘आयडियल’ कारखान्याची हत्यारे तेथील घराघरांतून काडतुसे भरू लागली. आपल्याकडे खडकीस 1869 सालीच दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला खरा. पण 1878 च्या शस्त्रकायद्याने दारूगोळा परवान्यात जखडला गेला, आणि तसा घरगुती व्यवसाय येथे मूळ धरू शकला नाही.

टोपीतील द्रव्यांनी पुढे निराळाच उपद्रव दिला. फुल्मिनेटमधील पारा पितळेस ठिसूळ करी, म्हणून ते काडतूस पुन्हा भरण्याच्या लायकीचे राहत नसे. पारा काढला तर पोटॅशियम क्लोरेटच्या ज्वलनातून उरणारा क्षार हवेतील ओल शोषून नळीस गंज चढवी. 1920 नंतरच्या दशकात शिशाच्या स्टिफ्नेटवर आधारलेले लेप आले, तेव्हा कोठे ही पीडा टळू लागली.

पिस्तुलाच्या टोप्या आज मुख्यत्वे दोन मापांत मिळतात. लहान टोपीचा व्यास 0.175 इंच, म्हणजे जेमतेम मसुरीच्या दाण्याएवढा, मोठीचा 0.210. रायफलीची लहान टोपी त्याच व्यासाची असली तरी तिचा पत्रा जाड असतो, म्हणून पिस्तुलाच्या हलक्या आघाताने ती पेटेलच याची खात्री नसते. रायफलीची मोठी टोपी उंचीने अधिक, त्यामुळे पिस्तुलाच्या काडतुसात ती बुडाबाहेर डोकावते. सुट्या टोप्या हातावर घेऊन हा भेद ओळखणे दुर्घट, म्हणून डबीवरील अक्षरांस मोठे महत्त्व. रेमिंग्टनच्या लहान टोपीच्या डबीवर दीड आणि मोठीच्या डबीवर अडीच हे आकडे अजून छापले जातात. एकोणिसाव्या शतकातील क्रमांकपद्धतीची ती शेष खूण होय. कारखाने शंभर-शंभर टोप्या खणदार तबकांत, एकमेकींस न भिडतील अशा, मांडून देतात, कारण राशीतील एक उडाली तर बाकीच्याही तिच्यासवे उडतात. जाणता माणूस त्या काचेच्या बरणीत ओतून ठेवीत नाही. मूळ डबीतच राखतो, मेजावर एका वेळी एकच डबी उघडतो आणि काम आटोपताच उरलेल्या टोप्या तिच्यातच परत ठेवतो. एकाच मापाच्या, परंतु दोन कारखान्यांच्या टोप्यांची ज्वालाही सारखी नसते. म्हणून टोपी बदलली की दारूचे माप खाली आणून पुन्हा पायरीपायरीने चढवीत न्यावे, असा या व्यवसायातील जुन्या-नव्या सर्वांचा दंडक आहे.