बोअर कुठे आहे हे सगळे विचारतात

परवा भाच्याबरोबर शहराबाहेर घर बघायला गेलो होतो. एका गुंठ्यावरचं दुमजली घर. पालिकेचा नळ नाही, ड्रेनेज नाही. दारात बोअर. "मामा, पाणी बारमाही आहे," भाचा खूश. एजंटाने सातबारा दाखवला, गुंठेवारीचे कागद दाखवले. मी विचारलं, सेप्टिक टँक कुठे? तो म्हणाला, "असेल की जिन्याखाली." जिन्यापासून बोअर दहा पावलांवर!

मला लंडन आठवलं. 1854 चा ऑगस्ट संपता संपता तिथल्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा भडकला आणि दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांनी मयतांची घरं नकाशावर मांडली, बोट गेलं ते एका सार्वजनिक पंपावर. 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्याच्या पुढची कमी सांगितली जाते. स्नोंचं म्हणणं आधी न पटलेले हेन्री व्हाइटहेड नावाचे तिथले पाद्री घरोघर विचारत फिरले आणि 40 नंबरच्या घरापाशी थांबले. तिथलं तान्हं बाळ आधीच आजारी पडलेलं, आईने त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतलेलं. 1855 मध्ये खणून बघितलं तर खड्ड्याच्या विटा ढिल्या झालेल्या आणि पंपाची विहीर तीन फुटांच्या आत.

आणि ते पाणी लोकांना आवडायचं, बरं का! हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक बाई चवीसाठी मुद्दाम तिथूनच पाणी मागवायची. तीही गेली. म्हणून "पाणी गोड आहे" असं कुणी म्हटलं की मी गप्प राहतो.

सेप्टिक टँक आला तो नंतर. फ्रान्समध्ये मुरास नावाच्या गृहस्थाने बंद हौद केला, 1890 च्या दशकात इंग्लंडातल्या एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरॉनने त्याला 'सेप्टिक टँक' हे नाव दिलं. आपणही मागे नव्हतो. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात 1897 साली अशा टाक्यांतला गॅस गोळा करून त्यावर इंजिन चालवल्याची नोंद आहे. पण टाकीत गाळ खाली बसतो, एवढंच. वरचं पाणी जंतूंसकट बाहेर पडतं आणि शोषखड्ड्यातून जमिनीत जातं. पुढची गाळणी मातीच करते. आपल्याकडे हातभर मातीखाली भेगाळलेला काळा दगड, भेगेतून पाणी सरळ खाली. बोअरचा केसिंग पाइप कठीण खडक लागला की थांबतो, मग खालच्या भेगांना अडवणारं कुणी नाही.

म्हणूनच भारतीय मानकात शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान 18 मीटर, म्हणजे 59 फूट अंतर सांगितलंय. आता हिशेब करा. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. 33 बाय 33 चा प्लॉट धरला तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम 47 फूट. एका कोपऱ्यात बोअर, समोरच्या कोपऱ्यात खड्डा, मध्ये घरच नाही असं धरलं तरी नियम बसत नाही. शेजाऱ्याचा खड्डा तर तुमच्या कुंपणाला लागूनच. राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा केला, 2021 मध्ये मुदत 2020 अखेरपर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. दंड भरला की घर कायदेशीर होतं, पण खड्डा आहे तिथेच राहतो. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद सापडते, शोषखड्ड्याची मी तरी कधी बघितली नाही.

टाकी भरली की उपसायला कोण उतरणार, हाही प्रश्न आहेच. 2013 च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. जिन्याखालच्या टाकीला गाडीचा पाइप पोचतो का, हे घर घेतानाच बघायचं असतं.

आम्ही बोअरचं पाणी आरोग्य प्रयोगशाळेत दिलं. "पिण्यास अयोग्य" असा रिपोर्ट आला. एजंटाला दाखवला तर म्हणाला, "साहेब, इथं सगळे आरओ लावतात." भाच्याने टोकन दिलं नव्हतं, ते एक बरं झालं. पुढच्या रविवारी बोर्ड उतरलेला होता.