पडण्याआधीचा इलाज

आजी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली तेव्हा मी शाळेत होतो. खुब्याचे हाड सांधले, पण पुन्हा पडेल या धास्तीने तिला कोणी चालू देईना. “आई, तुम्ही उठू नका, मी देते हातात,” असे माझी आई म्हणे. सेवाच ती. वर्षभरात आजीच्या मांड्या काडीसारख्या झाल्या आणि एकदा पलंगावरून उतरतानाच ती पुन्हा पडली. म्हातारपणी पडणे आलेच, असे सगळे म्हणाले. हे ‘आलेच’ कोणी तपासले आहे का, याचा शोध मी पुष्कळ वर्षांनी घेतला.

अंथरुणावर पडून राहण्याने स्नायू झिजतात, सांधे आखडतात, हे इंग्लंडच्या डॉ. रिचर्ड आशर यांनी १९४७ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये खोचकपणे लिहिले होते. त्याच नियतकालिकात १९६० मध्ये जे. एच. शेल्डन यांनी २०२ माणसांच्या ५०० पडण्यांची छाननी मांडली. घसरणे, अडखळणे, घेरी, मान वर करताना तोल जाणे, एकाएकी पायांतले बळच जाणे अशी त्यांची वर्गवारी होती. पडण्याला वयाखेरीज कारणे असतात, हे त्यातून दिसले.

इलाजाचा भक्कम पुरावा मात्र १९९७ मध्ये न्यूझीलंडमधून आला. ओटागो विद्यापीठाचे जॉन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी ऐंशी व त्यापुढच्या वयाच्या २३३ स्त्रिया निवडल्या. निम्म्यांच्या घरी पहिल्या दोन महिन्यांत फिजिओथेरपिस्ट चार वेळा गेली. तिने पायांच्या ताकदीचे आणि तोल सावरण्याचे व्यायाम प्रत्येकीच्या कुवतीप्रमाणे शिकवले, चालायला सांगितले. उरलेल्या निम्म्यांकडेही तितक्याच वेळा कोणी ना कोणी गेले, पण केवळ भेटीगाठीसाठी. मला ही युक्ती फार आवडते. कोणी विचारपूस केली म्हणून बरे वाटले, अशी शंका घ्यायला जागाच उरली नाही. वर्षभरात भेटीगाठींच्या गटात १५२ वेळा पडणे झाले, व्यायामाच्या गटात ८८ वेळा. शून्य नव्हे, हेही खरेच.

हा व्यायामक्रम पुढे ओटागोच्याच नावाने ओळखला गेला. त्यात खुर्चीतून उठणे-बसणे असते, उलटे चालणे असते, आणि क्रिकेटची खेळपट्टी मोजताना आपण चालायचो तसे पावलाला पाऊल लावून चालणेही असते.

आई आता एक्याऐंशीची आहे. फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे रोज सकाळी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून ती पावले मोजते. मी शेजारी उभा असतो. परवा तिने ओट्यावरचा हात बोटभर वर उचलला आणि म्हणाली, “त्यांनाही असंच चालवायला हवं होतं रे.”