नालबंदी कोणी द्यायची?

‘फ्रीलान्सर’ हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या मुळाकडे कोणी वळून पाहत नाही. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीने तो इंग्रजीत रूढ केला. कोणा एका सरदाराशी कायमचा न बांधलेला, मोल घेऊन लढणारा भालाईत, हा त्याचा तिथला अर्थ. हा माणूस आपल्याला परका नाही. मराठ्यांच्या घोडदळात सरकारी घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचे इंटरनेट आणि स्वतःचे कसब घेऊन घरबसल्या चार ठिकाणची कामे करणारी आजची मुले म्हणजे शिलेदारच.

मराठेशाहीच्या लष्करी हिशेबांचे कागद वाचताना एक शब्द मला वारंवार भेटतो: नालबंदी. मोहिमेवर निघण्याआधी घोड्याच्या नालांसाठी, म्हणजे एकूण तयारीसाठी, शिलेदाराला दिली जाणारी आगाऊ रक्कम. पुढचे पगार वेळेवर मिळत असे मुळीच नाही. थकबाकीसाठी स्वारांनी सरदाराच्या दारात धरणे धरल्याचे प्रसंग आपल्या इतिहासात भरपूर आहेत. पण सुरुवात कोणी करायची, याविषयी रिवाज स्पष्ट होता. चाकरीला बोलावणाऱ्याने आधी थैली सोडायची. वतनासाठी नजर भरावी लागे हे खरे, पण वतन हा पिढीजात हक्क होता. चाकरी ही रोजची मेहनत होती.

ऑनलाइन कामाच्या बनावट जाहिरातींविषयी आज पुष्कळ सूचना दिल्या जातात. त्या उपयोगाच्या आहेत, पण जाहिरातीचे रूप बदलले की जुनी सूचना निरुपयोगी ठरते. म्हणून मला वाटते, रूपाकडे न पाहता पैशाच्या दिशेकडे पाहावे. ती ओळखायला इतिहास चांगली मदत करतो.

त्यासाठी आधी शोषणाचाच इतिहास पाहू. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ हे जहाज करारबद्ध मजूर घेऊन मॉरिशसला पोचले. पुढच्या काळात सुमारे पाच लाख भारतीय मजूर त्या बेटावर उतरले. त्यांत रत्नागिरीच्या बाजूची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले ते याच व्यवहारात. भरती करणारे दलाल, उत्तरेकडचे ‘अरकाटी’, कामाचे आणि देशाचे खोटे वर्णन करत. सुरीनामला जाणाऱ्यांना ‘श्रीराम देशा’ला नेतो असे सांगितले जाई. फसवणूक होती, आणि क्रूर होती. तरीही मजुराला निघण्याआधी काही महिन्यांची आगाऊ रक्कम मिळे. तीच पुढे त्याच्या पायातली बेडी होई.

या बेडीला कायद्याचे कुलूपही होते. १८५९ च्या तेराव्या कायद्याने, आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून तुरुंगात टाकता येत असे. हा अन्याय्य कायदा १९२५ साली रद्द करण्याचे ठरले. ऊसतोड कामगाराला मुकादम जी ‘उचल’ देतो, ती याच घराण्यातली. उचल माणसाला बांधते, कर्जात बुडवते. पण तिथेही पैसा मुकादमाकडून मजुराकडे जातो. ज्याला तुमची मेहनत खरोखर हवी आहे, तो शोषण करणारा असला तरी आधी काहीतरी देतो. जो आधी मागतो, त्याला तुमची मेहनत नको असते. तुमचे पैसेच हवे असतात.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि आपण का फसतो याचे उत्तर मला त्या अपवादातच दिसते. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरती करण्याची सत्ता जॉबरच्या हाती होती. बायकांच्या खात्यात ती नायकिणीकडे असे. काम हवे तर जॉबरला दस्तुरी द्यायची, काम टिकवायचे तर पुन्हा द्यायची. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीची दखल घेतली आणि जॉबरचे भरतीचे अधिकार काढून घ्यावेत असे सुचवले. त्याआधीच, १९१९ साली, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सरकारी आणि विनामूल्य रोजगार केंद्रांचे तत्त्व मांडले होते. आपल्याकडे १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी, अशी केंद्रे सुरू झाली, आणि रिक्त जागा त्यांना कळवणे मालकांवर बंधनकारक करणारा कायदा १९५९ साली आला. काम शोधणाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत, या साध्या गोष्टीसाठी इतकी वर्षे खर्ची पडली.

कायदा बदलला, पण मनातली दस्तुरी गेली नाही. ‘नोकरी लावून देतो’ हा आपला वाक्प्रचारच पाहा. लावून देणारा कोणीतरी असतो आणि तो फुकट लावत नाही, हे आपण घरातच शिकलेले असतो. म्हणून ‘नोंदणीचे फक्त ९९९ रुपये, काम सुरू झाल्यावर परत’ असा संदेश आला की त्याचा संशय येत नाही. उलट, पैसे मागतात म्हणजे काम खरे असणार, असे वाटते.

घरबसल्या कामाच्या नावाने होणारी फसवणूक इंटरनेटने जन्माला घातली असेही नाही. तिचे जुने वाहन टपाल. टपालातून फसवणूक करणे हा गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेला १८७२ सालीच करावा लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तिथल्या मासिकांत मोजे विणण्याच्या यंत्रांच्या जाहिराती येत: यंत्र आमच्याकडून घ्या, विणलेले मोजे आम्ही विकत घेऊ. पुढे पाकिटे भरण्याच्या कामाची जाहिरात आली. पैसे पाठवल्यावर उत्तर येई की, तुम्हीही अशीच जाहिरात द्या आणि आपल्यासारखेच आणखी लोक गाठा. या धंद्याचा हुकमी डाव असा, की घरी केलेला माल ‘दर्जात बसत नाही’ म्हणून परत करायचा. मोबदला द्यायचा प्रश्नच मग उरत नाही, आणि दोष काम करणाऱ्याच्या माथी बसतो.

हाच डाव मला दोन वर्षांपूर्वी मराठी घरात दिसला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने डेटा एन्ट्रीचे काम घेतले होते. ठरावीक दिवसांत ठरावीक फॉर्म भरायचे, अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर हवी, आणि आधी आधार कार्डाची प्रत देऊन एका करारावर ऑनलाइन सही करायची. रात्री जागून तिने काम पुरे केले. तपासणीत ते ‘नापास’ झाले. मग वकिलाच्या नावाची नोटीस आली: करारभंग झाला आहे, संध्याकाळपर्यंत पैसे भरा, नाहीतर अटक.

“सर, घरी पोलीस येतील का हो?” तिने फोनवर विचारले.

“या लोकांकडून तू आगाऊ किती घेतलेस?”

“एक रुपयाही नाही, सर.”

माझ्या डोक्यात १८५९ चा तो कायदा होता. कामगाराला करारभंगासाठी तुरुंगात टाकणारा तो जुलमी कायदासुद्धा आगाऊ पैसे घेतलेल्यालाच लागू होता, आणि तोही इतिहासजमा झाला आहे. आज काम वेळेत किंवा दर्जाप्रमाणे झाले नाही, तर तो दिवाणी वाद आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्यात वाजवी भरपाईच मिळू शकते, मनाला येईल तो दंड नाही. आणि फसवून घेतलेली संमती कलम १९ प्रमाणे नाकारता येते. उलट फसवणुकीचा गुन्हा समोरच्यावर दाखल होतो. भारतीय दंड संहितेचे प्रसिद्ध कलम ४२० आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आले आहे, आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड आहे. मुलीने पैसे भरले नाहीत, तक्रार नोंदवली. आठवडाभर धमक्यांचे फोन आले, मग थांबले. तिला पैशांपेक्षा जास्त लागले ते आपले काम खराब होते हा आरोप. ते काम कोणी वाचलेही नसेल, हे तिला पटायला वेळ लागला.

वाचक इथे विचारतील, की काही ठग आधी पैसे देतात, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. व्हिडिओला पसंती द्या, हॉटेलला तारे द्या, अशी ‘टास्क’ देणारे टेलिग्रामवरचे गट सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात टाकतात. मग मोठ्या कमिशनसाठी थोडी रक्कम भरायला सांगतात, ती वाढवत नेतात, आणि रक्कम मोठी झाली की ती अडकते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा प्रकारची शंभरांहून अधिक संकेतस्थळे बंद केली. निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण हे त्यांचे लक्ष्य होते. अमेरिकेतल्या आपल्या मुलांना दुसरा प्रकार भेटतो. मोठ्या रकमेचा चेक येतो, बँक तो पूर्ण वटण्याआधीच पैसे खात्यात दाखवते, जास्तीची रक्कम ‘परत’ पाठवायला सांगतात, आणि काही दिवसांनी चेक बनावट निघतो. दोन्हीकडे पहिले पैसे नालबंदीसारखे दिसतात. पण नालबंदी परत मागत नाहीत. पैशाची दिशा ज्या क्षणी उलटते, त्या क्षणी काम संपले असे समजावे, मग आधी कितीही मिळालेले असो.

जुना कागद हाती आला की आम्ही काही प्रश्न विचारतो. कोणी लिहिला? कोठून? शिक्का कोणाचा? दुसऱ्या स्वतंत्र कागदात याला आधार आहे का? कामाचा देकारही तसाच तपासावा. कंपनीचे नाव मोठे आणि ईमेलचा पत्ता फुकटच्या सेवेवरचा, किंवा खऱ्या पत्त्यात एखादे अक्षर बदललेले, हा बनावट शिक्का. संदेशातल्या दुव्यावर न जाता कंपनीचा दूरध्वनी स्वतः शोधून विचारणे, हा स्वतंत्र आधार. कसब न विचारता भरमसाट मोबदला, मुलाखत केवळ चॅटवर, ‘आजच जागा भरते’ अशी घाई, कामाच्या संकेतस्थळावरून लगेच टेलिग्रामवर ओढणे, या खुणा ओळखीच्या आहेत. कोणी तुमचे बँक खाते ‘वापरायला’ मागितले तर चोरीचा पैसा त्यातून फिरणार आणि पोलीस आधी तुमच्याकडे येणार. पैसे स्वीकारायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हेही लक्षात असावे.

या व्यवहारात गिरमिट पुन्हा शिरले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला, की थायलंडमधल्या संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटले, की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसांना कोंडून, इतरांना ऑनलाइन फसवण्याचे काम त्यांच्याकडून करून घेतले जात असावे. तुम्हाला ‘हॅलो, पार्ट टाइम काम हवे आहे का?’ असे लिहिणारा कदाचित असाच फसलेला कोणी असेल.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसा वाटेत अडवण्याची शक्यता अधिक असते. घरच्यांनीही ‘तुला अक्कल नाही का’ हे वाक्य गिळावे, कारण त्याच्या भीतीनेच कित्येक तक्रारी होत नाहीत.

आणि शिलेदारी सोडू नये. ‘अपवर्क’सारख्या संकेतस्थळांवर ठरावीक मोबदल्याच्या कामात ग्राहक आपली रक्कम आधी संकेतस्थळाकडे जमा करतो, आणि काम मान्य झाल्यावर ती तुम्हाला मिळते. संकेतस्थळ आपले कमिशन मोबदल्यातून कापते, पण काम देणारा तुमच्याकडे काही मागत नाही. रक्कम जमा झाल्याचे दिसल्याशिवाय काम सुरू न करणे हा तिथला शहाणपणाचा रिवाज आहे. नालबंदी हाती आल्यावरच खोगीर चढवणाऱ्या स्वाराला तो नवा वाटला नसता.