नाझरेथचा नकार आणि पंडिता रमाबाई

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू नाझरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, असा त्या उताऱ्याचा आशय. श्रोते प्रथम प्रसन्न होतात. परंतु ईश्वरी कृपा परक्यांवरही झाल्याचे दाखले येताच तेच गावकरी त्याला कड्यावरून लोटायला निघतात. नाकारणारे स्वकीयच असतात, ही या कथेची खरी धार.

पंडिता रमाबाईंना (१८५८–१९२२) मिळालेला नकार मराठी समीक्षेने बहुधा एकाच बाजूने वाचला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ मध्ये शारदासदन, ‘केसरी’ची टीका आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांचे सल्लागार मंडळातून बाहेर पडणे, हा क्रम सर्वपरिचित आहे. त्यातून हिंदू समाज विरुद्ध ख्रिस्ती स्त्री असे सोयीचे चित्र उभे राहते. ते अपुरे आहे. बाप्तिस्म्यानंतर अँग्लिकन भगिनींशी त्यांचा प्रदीर्घ पत्रवाद झाला. आपला विवेक कोणत्याही धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करण्यास त्या तयार नव्हत्या. पुढे १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या दुर्दशेविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिले. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी मात्र त्यांचे कथन दिशाभूल करणारे ठरवले. पुण्याने दूर केलेल्या बाईंना ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीही खोटे पाडले. नाझरेथ त्यांच्या वाट्याला एकदाच आले नाही.

त्याच सुमारास, दुष्काळात, वरूडच्या सीमेला भिडलेल्या मध्यप्रांतातून त्यांनी निराधार मुली आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार अशाच मुलींमुळे झाला आणि रमाबाईंच्या बायबल-भाषांतराचा वाचकही त्यातूनच घडला. हे भाषांतर मिशनरी वाङ्मयाच्या कप्प्यात टाकून मोकळे होणे वाङ्मयेतिहासाला सोपे गेले. वस्तुतः ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटले, तिने हिब्रू व ग्रीक शिकून मूळ संहितेकडे जावे आणि मराठीत उतरताना संस्कृतप्रचुर शैली निग्रहाने टाळावी, हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. प्रस्थापित धर्मसंकल्पनांचे ओझे असलेले शब्द त्यांना नको होते. अल्पशिक्षित स्त्रीला मजकूर मध्यस्थाविना कळायला हवा होता. या हट्टापायी वाक्य कुठे खडबडीत झाले असेल. पण त्या खडबडीतपणाचे मोजमाप निव्वळ प्रासादिकतेच्या निकषावर करता येत नाही. भाषांतर त्यांनी मृत्यूच्या उंबरठ्यावर पूर्ण केले. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले, ते मुक्तिसदनातील स्त्रियांनीच चालवलेल्या छापखान्यातून.