सायकल कशाला म्हणायचे?

वर्गात मुलांना सायकलचे चित्र काढायला सांगा. दोन चाके सगळेच काढतील. हँडल, सीट, पायडल हेही जमेल. घोटाळा होतो तो चाके एकमेकांना जोडणाऱ्या सांगाड्यात, म्हणजे फ्रेममध्ये. काही मुले दोन्ही चाकांचे मध्यबिंदू एका आडव्या दांडीने जोडून मोकळी होतात. अशा सायकलचे हँडल वळवता येणारच नाही, हे नंतर लक्षात येते. ज्यांनी दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत सायकल शिकली, त्यांची फ्रेम मात्र बहुधा बरोबर येते.

ही फ्रेम गेली शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ आहे तशीच आहे. त्यामुळे सायकल म्हणजे अशीच असणार, दुसरी कशी असेल, असे आपल्याला वाटते. १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल रस्त्यावर आणली तेव्हा लोकांना नेमके उलटे वाटत होते. त्या वेळी सायकल म्हणजे माणसाच्या छातीएवढे पुढचे चाक आणि मागे एक छोटेसे चाक. पायडल पुढच्या चाकालाच जोडलेले असल्याने जितके चाक मोठे तितका वेग जास्त, हा हिशोब होता. स्टार्लीने मागचे चाक चेनने फिरवले आणि चाक मोठे असण्याचे कारणच काढून टाकले. पुढे १८९० च्या सुमारास फ्रेमला आजचा चौकटीसारखा आकार आला. मागचा भाग नेमका त्रिकोण आणि पुढचा जवळजवळ त्रिकोण. पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या टाचण्यांनी जोडून पाहा, आकार हलत नाही. चार पट्ट्या जोडा, चौकोन लगेच कलंडतो. बारीक पोलादी नळ्यांपासून हलकी आणि ताठ फ्रेम करायची तर त्रिकोणाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

एवढी चांगली रचना हाती आल्यावर तिच्याहून वेगळे काही समोर आले की लोक काय म्हणतात, हे पाहण्यासाठी आम्ही पॅरिसमधील एक प्रकरण निवडले आहे.

शार्ल मोशे हा फ्रान्समधील छोट्या मोटारगाड्यांचा कारागीर. त्याच्या मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती. आईला ती धोक्याची वाटे. म्हणून मोशेने मुलासाठी पायडलवर चालणारी चारचाकी केली. ती चालवणारा मुलगा सायकलवरच्या सोबत्यांना मागे टाकू लागला, तेव्हा मोशेने मोठ्यांसाठीही तशा गाड्या विकायला काढल्या. त्यांचे नाव ‘व्हेलोकार’. चारचाकी वळणावर कलंडे, म्हणून त्याने पुढे तिचा जणू अर्धा भाग कापून दुचाकी केली. हिच्यात स्वार आरामखुर्चीत बसल्यासारखा मागे टेकून बसतो, पाय पुढे पसरलेले, आणि पायडल पुढच्या बाजूला, सीटपेक्षाही थोडे वर. त्रिकोणांची परिचित फ्रेम तिला नव्हती.

फायदा कुठे होता? सायकलस्वाराचा मुख्य शत्रू हवा आहे. ताशी ४५ किलोमीटर वेगाने सपाट धावपट्टीवर जाताना त्याची बहुतेक सारी शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करायचा तर आठपट शक्ती हवी. माणूस काही आठपट होत नाही. मग राहिला एकच मार्ग : हवेला अडणारे अंग कमी करणे. पाठीवर रेललेला माणूस समोरून पाहिला तर बसलेल्या माणसापेक्षा लहान दिसतो. मात्र येथेही घनाचा नियम पाठ सोडत नाही. हवेला अडणारे क्षेत्र १० टक्क्यांनी कमी केले तरी वेग वाढतो तो जेमतेम साडेतीन टक्के.

मोशेने आपली दुचाकी शर्यतीत चालेल का, हे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेला आधी विचारून घेतले होते. हवा कापण्यासाठी सायकलवर आवरण बसवायला पहिल्या महायुद्धाच्या आधीच बंदी आली होती. व्हेलोकारवर आवरण नव्हते, त्यामुळे हरकत घेण्यात आली नाही. तिच्यावर बसायला तयार झालेला फ्रान्सिस फॉर हा धावपट्टीवरचा चांगला पण पहिल्या फळीतला नसलेला स्वार होता. बरोबरच्या स्वारांनी त्याची यथेच्छ थट्टा केली.

७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या बफेलो धावपट्टीवर फॉरने एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. त्याआधीचा विक्रम स्वित्झर्लंडच्या ऑस्कर एगचा, ४४.२४७ किलोमीटरचा, आणि तो १९१४ पासून अबाधित होता. फरक ८०८ मीटरचा, म्हणजे पावणेदोन टक्क्यांहून थोडा जास्त. आकडा किरकोळ वाटेल. पण नेहमीच्या सायकलवर हाच फरक मिळवायचा तर घनाच्या नियमाने स्वाराला सुमारे साडेपाच टक्के अधिक शक्ती लावावी लागली असती, आणि तीही सलग तासभर. पुढल्याच महिन्यात, २९ ऑगस्टला, मोरिस रिशार या फ्रेंच स्वाराने नेहमीच्या सायकलवर ४४.७७७ किलोमीटर केले. आता संघटनेसमोर दोन विक्रम होते आणि प्रश्न एकच : फॉर बसला होता ती सायकल होती का?

१९३४ मध्ये संघटनेने या प्रश्नाचे उत्तर व्याख्या करून दिले. क्रँकचा आस जमिनीपासून किती उंच असावा, सीट त्याच्या किती मागे असावी, याची मापे ठरवली. व्हेलोकार त्या मापांत बसत नव्हती. फॉरचा विक्रम वेगळ्या वर्गात टाकला गेला आणि तासाच्या विक्रमाचा मानकरी रिशार ठरला. मोशे त्याच वर्षी वारला.

या निर्णयाची बाजूही ऐकली पाहिजे. १९१४ च्या स्वाराची १९३३ च्या स्वाराशी तुलना करायची तर यंत्र सारखे हवे, नाहीतर आपण माणूस मोजतो आहोत की यंत्र, हे कळत नाही. प्रयोगशाळेत आपण एक राशी बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो, तसेच हे. आम्हाला हा युक्तिवाद वजनदार वाटतो. खटकते ते एवढेच, की व्याख्या यंत्र धावल्यानंतर, त्याच्याकडे पाहून केली गेली. शिवाय तिचा परिणाम धावपट्टीपुरता राहिला नाही. शर्यतीत जी चालते तीच खरी सायकल, असे गिऱ्हाईक मानते. शर्यतीबाहेर पडलेली सायकल दुकानाबाहेरही पडली. टेकून बसायच्या सायकलींना पुन्हा दिवस आले ते १९७० च्या दशकात, अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये निर्बंध नसलेल्या शर्यती भरू लागल्यावर. दरम्यान फॉरने ५ मार्च १९३९ रोजी आवरण घातलेल्या व्हेलोकारवर तासात ५०.५३७ किलोमीटर केले. संघटनेच्या मान्यतेच्या सायकलवर ५० चा टप्पा इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने ओलांडला तो १९८४ मध्ये.

ही व्याख्या नंतरही अनेकदा ताणली गेली. इंग्लंडच्या माइक बरोज याने नळ्यांऐवजी कार्बन तंतूंच्या एकसंध कवचाची फ्रेम केली. १९८० च्या दशकात ती नाकारली गेली, १९९० मध्ये नियम सैल झाला, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तिच्या लोटस कंपनीने बनवलेल्या आवृत्तीवर ख्रिस बोर्डमनने सुवर्णपदक जिंकले. वर्तमानपत्रांनी बोर्डमनपेक्षा सायकलचेच कौतुक जास्त केले.

स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीची गोष्ट याहून मजेदार. त्याने आपली फ्रेम स्वतः जोडली. पायडल मारताना गुडघे जवळजवळ राहावेत म्हणून वरची आडवी दांडी काढून टाकली आणि क्रँकमध्ये धुलाई यंत्राची बेअरिंग वापरली. हात छातीखाली घडी करून तो पुढे झुके. १६ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे त्याने सफाईदारपणे बनवलेल्या प्रतिकृतीवर प्रयत्न केला, तो फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या सायकलवर त्याने ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला. तो टिकला सहा दिवस. २३ जुलैला बोर्डमनने बोर्दो येथे ५२.२७० केले. १९९४ मध्ये ओब्रीच्या बसण्याच्या पद्धतीवर बंदी आली. त्याने हात पुढे ताणून बसायची नवी पद्धत काढली. १९९६ मध्ये बोर्डमनने तीच उचलून ५६.३७५ किलोमीटर गाठले. मग तिच्यावरही बंदी आली. व्हेलोकारच्या वेळी सीट फार मागे होती म्हणून तक्रार होती, आता ती फार पुढे येते म्हणून.

२००० मध्ये संघटनेने घड्याळच मागे फिरवले. बेल्जियमच्या एडी मर्क्सचा १९७२ मधील ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम हाच खरा, आणि तो मोडायचा तर तशाच जुन्या वळणाच्या सायकलवर, असे ठरले. मर्क्सने हा विक्रम केला होता मेक्सिको सिटीत, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून अधिक उंचीवर. तेथील हवा सुमारे पाचव्या हिश्श्याने विरळ असते. प्राणवायू कमी मिळतो हे खरे, पण अवरोधही तितकाच कमी होतो. म्हणजे यंत्र सारखे करण्यासाठी नळ्यांचा आकार आणि सीटची जागा बारकाईने मोजली गेली आणि ज्या हवेशी सारी झुंज, ती मोजायची राहिली. फ्रेम डोळ्यांना दिसते, हवा दिसत नाही. नव्या फ्रेमवर पहिले मत डोळ्यांचे पडते, ते असे. त्याच वर्षी बोर्डमनने मँचेस्टर येथे, जवळजवळ समुद्रसपाटीला, तशाच सायकलवर ४९.४४१ किलोमीटर केले. मर्क्सपेक्षा १० मीटर जास्त.

२०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधील ग्रेन्शेन येथे इटलीच्या फिलिपो गानाने ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले आणि बोर्डमनच्या १९९६ च्या आकड्यालाही मागे टाकले. त्याच्या सायकलची फ्रेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची भुकटी थरावर थर वितळवून, त्रिमितीय छपाईने बनवलेली होती. पायडल मात्र त्याच्या खालीच होते, पुढे नव्हते.